तिला दोन पासपोर्ट, मला एकच: शपथेच्या आधी घरात काय बोलायचं

पत्र बरंच मोठं आहे, थोडक्यात सांगते. लिहिणारा मूळचा मिरजेचा, वय ३८. दुबईत एका हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल टेक्निशियन होता, तिथेच बायको भेटली, ती फिलिपिन्सच्या इलोइलोची, नर्स. लग्न झालं, दोघं कॅनडात विनिपेगला गेले, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, मुलगी तिथेच झाली, आता तीन वर्षांची आहे. दोघांचेही नागरिकत्वासाठी लागणारे दिवस पूर्ण झालेत. बायकोचा फॉर्म भरून तयार होता पण ती थांबली, कारण तिच्या मोठ्या भावाने फॅमिली ग्रुपवर लिहिलं की तू एकदा कॅनडियन झालीस की आमच्यासाठी परदेशी, मग आईच्या भातशेतीत तुझा वाटा नाही. ती रडत बसली तेव्हा याने समजावलं, "कायदाच तसा असतो, दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं संपलं, आपण मन घट्ट करायचं." चार दिवसांनी हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या एका फिलिपिना नर्सने तिला सांगितलं की अगं असं काही नाही, आपल्याला दोन्ही ठेवता येतात. तिने घरी येऊन विचारलं, तू मला असं का सांगितलंस? आणि हा एकदम भडकला, मराठीतच ओरडला, "तुझ्या काय, दोन्ही हातांत लाडू!" तिला त्यातला फक्त लाडू कळला. तेव्हापासून घरात गरजेपुरतं बोलणं चालू आहे. त्यात मिरजेहून वडील फोनवर म्हणतात, पासपोर्ट परत केलास तर मला तोंड दाखवू नकोस. आणि तीन वर्षांपासून हा सासूच्या गावी घर बांधायला पैसे पाठवतोय, ते घर नक्की कुणाचं, हेही त्याला माहीत नाही. "ताई, तिचं खरंच सगळं जातं का, माझे पैसे कुठे आहेत, आणि मी काय करू?"

अरे, आधी एक सांगते. तू तिच्याशी खोटं बोललास असं मला वाटत नाही. तू तिला आपला कायदा सांगितलास. आपल्या डोक्यात लहानपणापासून हेच बसलेलं असतं की नागरिकत्व म्हणजे एकच, दुसरं घेतलं की पहिलं सुटलं, कारण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातलं कलम ९ तेच सांगतं, आणि आपण ते जगाचा नियम समजून चालतो. पण तिच्या देशाने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवलाय, आणि तो का सोडवला हे तुला कळलं ना तर तुझा निम्मा राग तिथेच उतरेल असं मला वाटतं.

फिलिपिन्समध्ये २००३ साली एक कायदा झाला, रिपब्लिक ॲक्ट ९२२५. त्या वर्षी २९ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापागाल अरोयो यांनी त्यावर सही केली. त्याआधी तिकडेही आपल्यासारखंच होतं, १९३६ चा जुना कायदा होता, परदेशी नागरिकत्व घेतलं की फिलिपिनो नागरिकत्व गेलं. नवीन कायद्याने काय केलं, तर जो माणूस जन्माने फिलिपिनो आहे त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर फिलिपिन्सशी निष्ठेची एक शपथ घ्यायची, बस्स, तो परत फिलिपिनो, आणि दुसरं नागरिकत्व सोडायची अट नाही. त्या शपथेत शेवटी एक ओळ येते, की हे मी स्वखुशीने, मनात काही राखून न ठेवता करतेय. ती ओळ मला फार आवडते.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तिचं जात नाही. पण क्रम नीट समजून घे, कारण लोक इथेच घोळ घालतात. कॅनडाची शपथ झाली की त्या क्षणी तिच्या देशाच्या जुन्या नियमाने तिचं फिलिपिनो नागरिकत्व सुटतं, ते आपोआप टिकत नाही, तिला ती दुसरी शपथ स्वतः जाऊन घ्यावी लागते. म्हणजे आधी कॅनडाचा समारंभ, मग नागरिकत्वाचं सर्टिफिकेट हातात, मग फिलिपिन्सच्या कॉन्सुलेटमध्ये अर्ज, सोबत तिचा पीएसएचा, म्हणजे तिकडच्या सरकारी नोंदणी खात्याचा, जन्मदाखला, लग्नाची कागदपत्रं, फोटो, आणि मग उजवा हात वर करून शपथ. दोन शपथांच्या मधला जो काळ असतो तो लांबवू नका. वर्षानुवर्षं लांबवणारे लोक मी बघितलेत, "पुढच्या सुट्टीत करू" म्हणत म्हणत. त्या मधल्या काळात तिने गावाकडे जमीन घ्यायची म्हटली तर ती माजी नागरिक म्हणून घेणार, आणि माजी नागरिकांना मर्यादा आहेत, राहण्यासाठी म्हणून शहरात १,००० चौरस मीटर किंवा गावात एक हेक्टर. दुसरी शपथ झाली की ही मर्यादा उरत नाही.

कॅनडाच्या बाजूने काहीच अडचण नाही, ते १९७७ पासून एकापेक्षा जास्त नागरिकत्व चालवून घेतात. परत येताना विमानात बसायला तिला कॅनडाचा पासपोर्ट लागेल एवढं लक्षात ठेवा, म्हणजे दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊनच प्रवास.

आता भावाचं. भाऊ म्हणतो ती परदेशी झाली की आईच्या शेतीत वाटा नाही. हे त्यांच्या राज्यघटनेतच बसत नाही रे! त्यांच्या १९८७ च्या घटनेत बाराव्या भागात लिहिलंय की खाजगी जमीन परदेशी माणसाला मिळणार नाही, पण त्याच वाक्याच्या सुरुवातीला अपवाद दिलाय, वारसाहक्क सोडून. म्हणजे समजा तिने दुसरी शपथ घेतलीच नाही, नुसती कॅनडियन राहिली, तरी आईच्या मागे मूल म्हणून तिच्याकडे येणारा वाटा येऊ शकतो. शिवाय त्यांच्या सिव्हिल कोडमध्ये आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा हिस्सा औरस मुलांसाठी राखीवच असतो, तो कुणा एकाच्या नावावर सहज फिरवता येत नाही. म्हणून भावाने जे लिहिलं ते कायदा म्हणून चुकीचं आहे. तो मुद्दाम घाबरवतोय की त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलंय, ते मला इथे बसून कळणार नाही आणि तूही ठरवून टाकू नकोस. पण एक बघ, तो भाऊ गावात राहून आईचं करतोय, बहीण बारा-तेरा वर्षं बाहेर आहे, त्याच्या त्या मेसेजमध्ये शेतीपेक्षा हेच जास्त असेल कदाचित. आपल्याकडे काय वेगळं असतं? मुंबईचा भाऊ आणि गावचा भाऊ, सातबाऱ्यावरचं नाव आणि म्हातारीची औषधं, हे तुला मी सांगायला नको. कायद्याचं उत्तर तिने वकिलाकडून लेखी घ्यावं, आणि भावाशी मात्र आईच्या औषधांवर बोलावं, शेतीवर नंतर.

मुलीचं तर आणखी सोपं आहे. तिच्या जन्माच्या वेळी आई फिलिपिनो नागरिक होती ना, मग मुलगी जन्मानेच फिलिपिनो आहे, कारण तिकडे आई किंवा वडील कुणीही एक फिलिपिनो असलं तरी चालतं, आणि विनिपेगमध्ये जन्मली म्हणून जन्मानेच कॅनडियन. कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद केली नसेल तर ती करून टाका. तिच्यासाठी आईच्या शपथेची वाट बघायला नको.

आता मला जरा मागचं सांगायचंय, कारण "तिच्या दोन्ही हातांत लाडू" हे जे तुझ्या तोंडून निघालं ना ते मला पत्र वाचल्यापासून टोचतंय.

मी अबू धाबीत अकरा वर्षं होते. त्यातली चार वर्षं एका फिलिपिना नर्ससोबत फ्लॅट शेअर केला, मी तिला आते म्हणायचे, म्हणजे ताई, तीही मला नावाने हाक मारायची नाही, आतेच म्हणायची. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात कायम एक मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स उघडा पडलेला असायचा. बालिकबायान बॉक्स. तू बघितला असशीलच घरी. ती महिनोन्महिने तो भरायची. सेलमध्ये मिळालेले टॉवेल, साबणाच्या वड्या, टिनमधलं मांस, चॉकलेटं, भाचीचे बूट आणि बुटांच्या आत कोंबलेले मोजे, म्हणजे जागा वाया नको जायला. लोशनच्या प्रत्येक बाटलीचं झाकण ती सेलोटेपने तीन वेढे देऊन बंद करायची, गळू नये म्हणून, आणि प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव, हे आईला, हे काकूला, हे शेजारच्या पोराला. एकदा बॉक्स बंद होईना म्हणून आम्ही दोघी त्यावर बसलो होतो. तिच्या मुलाला तिने तेव्हा दोन वर्षं प्रत्यक्ष बघितलेलं नव्हतं. त्याच्या पायाचं माप तिच्या आईने दोऱ्याने घेऊन त्या दोऱ्याची लांबी फोनवर सांगितली होती.

बालिक म्हणजे परत, आणि बायान म्हणजे गाव, आणि बायान म्हणजे देशही. गाव आणि देश दोन्हीला एकच शब्द. आपली आजी "मुलखाला जाते" म्हणायची तेव्हा तिच्या डोक्यात जसं कधी गाव असायचं कधी सगळा प्रदेश, तसंच काहीसं.

तर हे लाडू कुठून आले बघ. १९७४ साली मार्कोसच्या राजवटीत त्यांचा लेबर कोड आला आणि माणसं कामासाठी बाहेर पाठवणं हे सरकारी धोरण झालं. थोड्या काळासाठी म्हणून सुरू केलं होतं, देशात नोकऱ्या नाहीत, तेलाच्या भावाने सगळं महागलंय, आखातात माणसं हवीत, जाऊ देत. ते आजतागायत चालू आहे. १९८८ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी बाहेर काम करणाऱ्यांना नवे वीर म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. आज ही माणसं बँकांमार्फत वर्षाला ३४ अब्ज डॉलरच्या वर पैसे घरी पाठवतात, २०२४ चा आकडा तेवढा आहे. तुझी सासू, तो भाऊ, गावातलं ते अर्धवट घर, हे सगळं त्या आकड्यात आहे. एवढी माणसं बाहेर, त्यातली कित्येक कॅनडा-अमेरिकेत कायमची राहिलेली, आणि ती नागरिक झाली की स्वतःच्या आईच्या घरी पाहुण्यासारखी यायची. सरकारला शेवटी कळलं की ज्यांच्या जिवावर घरं चालतात त्यांनाच आपण परकं करतोय. २००३ चा कायदा त्यातून आला. त्याच वर्षी परदेशातून मतदान करायचाही कायदा झाला, आणि २०२५ च्या निवडणुकीत तर परदेशातल्या फिलिपिनोंना ऑनलाइन मत देता आलं. तिची दुसरी शपथ झाली की तुझी बायको नाव नोंदवून विनिपेगमध्ये बसून तिकडचं मत देऊ शकते.

म्हणजे हे तिला कुणी आयतं दिलेलं नाही, तिच्यासारख्या लाखो बायका-पुरुषांनी तीस वर्षं बॉक्स भरले तेव्हा ते मिळालं. आणि सगळंच मिळतं असंही नाही. तिकडे निवडणूक लढवायची तर परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. ग्रेस पो या तिकडच्या माजी सिनेटर अमेरिकन नागरिक झाल्या होत्या, २००६ मध्ये याच कायद्याने परत फिलिपिनो झाल्या, आणि सरकारी पद घ्यायच्या वेळी २०१० मध्ये त्यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडून दिलं, तरी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंच. घरातल्या भावापासून कोर्टापर्यंत, बाहेर जाऊन आलेल्या माणसाला "तू खरंच आमची आहेस का" हे त्यांनाही ऐकावं लागतंच.

अजून एक गोष्ट तुला सांगते, ती माझ्या मनात कायम असते. अमेरिकेत फिलिपिनो लोक १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांत कामाला जायला लागले, आणि आपले पंजाबी शेतकरीही साधारण त्याच काळात कॅलिफोर्नियात पोचले. दोघांनाही नागरिक व्हायची वाट बंद होती, वंशावरून. फिलिपिन्स तर तेव्हा अमेरिकेचीच वसाहत होती, तरीही. ती वाट कधी उघडली माहितीये? २ जुलै १९४६ ला, आणि एकाच कायद्याने दोघांना, भारतीयांना आणि फिलिपिनोंना. वर्षाला शंभर भारतीय आणि शंभर फिलिपिनो येऊ शकतील असा कोटा होता, शंभरच! तुझी मुलगी मोठी झाली की तिला ही तारीख नक्की सांग. तिच्या आईचे आणि बापाचे लोक एकाच दारात एकाच दिवशी उभे होते.

(आणि जुन्या राज्यकर्त्यांचे धागे कसे राहतात बघ. स्पेनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या फिलिपिनोला दोन वर्षांत नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, जिथे इतर बहुतेकांना दहा वर्षं थांबावं लागतं, आणि आपल्या गोव्यात १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पोरांना पोर्तुगालचं दार उघडं आहे. फरक इतकाच की फिलिपिनोला स्पेनचं घेऊन आपलं ठेवता येतं, गोंयकाराला पोर्तुगालचं घेतलं की भारताचं सोडावं लागतं. कित्येक गोव्यातल्या घरांत तुझ्यासारखंच भांडण झालंय.)

आता पैशांचं, आणि इथे मी स्पष्ट बोलणार आहे. तू तीन वर्षं इलोइलोला पैसे पाठवलेस घर बांधायला. जमीन तुझ्या नावावर होऊ शकत नाही. तू भारतीय राहिलास तरी नाही आणि कॅनडियन झालास तरी नाही, परदेशी माणसाला तिकडे जमीन विकत घेता येत नाही, विषय संपला. घराच्या भिंतींचं वेगळं, पण ती उभी कुणाच्या जमिनीवर आहे हा प्रश्न आहे, सासूच्या, भावाच्या, की बायकोच्या? हे तुला माहीत नाही असं तू लिहिलंयस, तर आधी हे शांतपणे विचार. आणि "पैसे माझे, तेव्हा मला परत मिळतील" असं मनात असेल तर तेही काढून टाक. तिकडच्या सुप्रीम कोर्टात २००६ मध्ये एक केस झाली होती, जर्मन नवरा, फिलिपिना बायको, नवऱ्याच्या पैशाने जमीन घेतली होती आणि वेगळं झाल्यावर त्याने पैसे परत मागितले, कोर्टाने सांगितलं की परदेशी माणसाला जमीन नाही हा नियम तुला माहीत होता, तेव्हा मागच्या दाराने पैसेही नाहीत. मी तुला घाबरवत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की पुढचा हप्ता पाठवायच्या आधी दोघांनी मिळून ठरवा, हे घर आईसाठी आहे का आपल्यासाठी. आईसाठी असेल तर ते दिलेले पैसे आहेत, मनापासून दे आणि पुन्हा हिशोब काढू नकोस. आपल्यासाठी असेल तर जमीन बायकोच्या नावावर असलेली बरी, आणि तिची दुसरी शपथ झाल्यावर ते कर, म्हणजे मर्यादेचा प्रश्नच नाही. बायको नको भाऊ बरा, असं तर तुला वाटत नसेल ना?

बायकोने भविष्यात तिकडे कमाईवर टॅक्स भरायचा का म्हणून पण लोक घाबरतात. १९९८ पासून बाहेर राहणाऱ्या फिलिपिनो नागरिकाला परदेशातल्या कमाईवर तिकडे टॅक्स नाही, फक्त तिकडच्या उत्पन्नावर.

आता तुझं. तुझा प्रश्न तू सगळ्यात शेवटी विचारलायस आणि माझ्या मते पत्र त्यासाठीच लिहिलंयस.

तू कॅनडाची शपथ घेतलीस की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी जातं, पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं, तो जुना पासपोर्ट पुढे वापरायचा नाही, "गुपचूप ठेवू" म्हणणारा मित्र भेटेल, त्याचं ऐकू नकोस. मग ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडियाचं कार्ड. नावात सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नाही. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आयुष्यभर येता-राहता येतं, आणि वडिलांची शेती वारसाने तुझ्याकडे येऊ शकते. बघ, तिच्या भावाचं आणि तुझ्या वडिलांचं भांडण एकच आहे, शेती आणि आपलं माणूस, आणि दोन्हीकडे वारसाहक्क शाबूत आहे. हे दोन म्हातारे-तरुण एकमेकांना भेटले तर अर्ध्या तासात त्यांचं जमेल.

आणि महत्त्वाचं, तुला घाई नाही. पीआर म्हणून तू कितीही वर्षं राहू शकतोस, पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलास की झालं, फक्त तिकडे मत नाही. बायको कॅनडियन-फिलिपिनो, मुलगी कॅनडियन-फिलिपिनो, तू भारतीय पीआर, असं घर चालतं, मी चाललेली बघितलीत. वडील थकलेत, त्यांच्या हयातीत तुला निळा पासपोर्ट ठेवायचा असेल तर ठेव, त्यात कमीपणा काही नाही. मुलीला आणि बायकोला मात्र ओसीआय काढून ठेवा. बायकोला तुझी पत्नी म्हणून मिळतं, लग्न नोंदवून दोन वर्षं सलग झालेली असली की. मग मिरजेला जायला तिला दरवेळी व्हिसाची रांग नको.

मला विचारशील तर आपल्याही देशाने कधीतरी शपथेची अशी दुसरी वाट द्यावी असं मला मनापासून वाटतं. अबू धाबीतून पुढे कॅनडाला गेलेल्या किती मराठी पोरांना मी पासपोर्ट परत करताना रडताना बघितलंय. पण ते होईल तेव्हा होईल. आज जे आहे ते असं आहे, आणि त्याचा राग तिच्यावर काढू नकोस. तिच्या देशाने तिला परत हाक मारली, आपल्या देशाने अजून तशी मारली नाही, याचं तुला वाईट वाटलं. वाटणारच. ते वाईट वाटणं तिला सांगता आलं असतं, तू ओरडलास. एवढंच झालंय, आणि हे दुरुस्त होणारं आहे.

माझी ती आते २०१४ ला कॅनडात गेली. नागरिक झाली, आणि नंतर चार महिन्यांत दुसरी शपथ घेतली. त्या दिवशी तिने मला व्हिडिओ कॉल केला होता, कॉन्सुलेटच्या बाहेर, थंडीने नाक लाल, हातात तो कागद. म्हणाली, आते, कॅनडाच्या शपथेला मी हसत होते, सगळ्यांनी फोटो काढले, केक कापला. आज आत दहा-बारा माणसं होती, सगळ्यांनी हात वर केला आणि दुसऱ्या ओळीला माझा आवाजच बंद झाला, शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझा दुसरा हात धरला तेव्हा पुढचं म्हणता आलं. मुलगा तोवर सतरा वर्षांचा झाला होता, तिच्यापेक्षा उंच, तो मागे उभा राहून तिची पर्स सांभाळत होता.

तुझ्या बायकोचा तो दिवस येईल तेव्हा तू तिच्यासोबत जायचंस. सुट्टी काढ. मुलीलाही ने.

त्याआधी या आठवड्यात एवढं कर. तिचा भरलेला फॉर्म पुढे जाऊ दे, तू स्वतः म्हण की पाठव. तिच्या जन्मदाखल्याची पीएसएची नवी प्रत मागवायला सांगा कुणाला तरी, भावालाच सांगा, त्यालाही काहीतरी करता येईल. वडिलांना फोन करून सांग की मी आत्ता काही सोडत नाहीये, आणि सोडायची वेळ आली तर आधी मिरजेला येऊन तुमच्यासमोर बसून बोलेन. हे फोनवर सांगताना आवाज चढवू नकोस.

आणि ते लाडूचं वाक्य. ती लाडू म्हणजे गणपतीचा एवढंच समजते ना, मग तिला पूर्ण अर्थ सांग, इंग्रजीत, जसाच्या तसा, की मी असं म्हणालो होतो आणि त्या वेळी मला तुझा हेवा वाटत होता. ती काय म्हणते ते मला नंतर लिहून कळव.